उंचावरचं वय

कोल्हार, २२ नोव्हेंबर १९७१

॥ श्री ॥

चि. कानिफनाथ यास गोरक्षचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत, मी ठीक नाही. आप्पासाहेबांचं तेरावं पार पडलं. तू यायला हवा होतास, पण डोंगरात या दिवसांत भाताची झोडणी असते असं मी लोकांना सांगितलं. चुलत का होईना, आपला भाऊ होता.

तुला आठवत असेल, आपल्या भाऊकीत लग्नातला पहिला फेटा सगळ्यांत वडील माणसाला बांधतात, नवरदेवाच्याही आधी. गेली वीस-पंचवीस वर्षं तो मान आप्पासाहेबांनी सोडला नाही. डोकं एवढंसं, फेटा कानावर यायचा, पण माणूस हलायचा नाही. मी शेजारी बसून दुसऱ्या फेट्याची वाट बघायचो. आता ते गेले. वाईटच झालं. पण आता वडील मी आहे. सहादेवाच्या मनकर्णाचं लग्न वैशाखात धरलं आहे. येत्या साली वैशाख अधिक येतो, म्हणजे तो सरल्यावर दुसऱ्या वैशाखात. माझी नात, माझं दार आणि पहिला फेटा माझा, असं सगळं जुळून आलं होतं.

मग परवा सुनेनं, लंकाबाईनं, दुकानातून सुपारी आणली. ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती. कागद वाचल्याशिवाय मी चुलीत घालू देत नाही हे तुला माहीत आहे. त्यात आलं होतं की अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फार अचूक घड्याळं विमानात घालून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीपासून जितकं वर जावं तितकी पृथ्वीची ओढ कमी, आणि ओढ कमी असेल तिथे घड्याळ पुढे धावतं. नुसतं घड्याळ नाही, वेळच पुढे धावते. पुढचा कागद फाटला होता.

तेव्हापासून जेवण जात नाही. राहीबाई सुईण मला पुसून ठेवून परसात हात धुवायला गेली आणि परत आली तर तू. आपल्या जुळ्यांत अंतर एवढंच. आई सांगायची, राहीबाईला आधी वाटलं मीच सरकून दुसरीकडे निजलो. आणि तू मिसरूड फुटायच्या वयात भंडारदऱ्याला धरणाच्या कामावर गेलास तो तिकडचाच झालास. मी इथे प्रवरेच्या काठाला सपाटीवर, तू वर डोंगरात. पन्नासावर वर्षं तुझी वेळ माझ्यापेक्षा पुढे पळते आहे. हात धुवायला असा कितीसा वेळ लागतो? तू मला कधीच ओलांडून गेला असशील, तर मनकर्णाच्या लग्नात पहिला फेटा कुणाचा?

पत्र मिळताच खाली ये आणि लग्नापर्यंत इथेच राहा. निदान आणखी पुढे जाऊ नकोस.

गोरक्ष


भंडारदरा, २ डिसेंबर १९७१

ती. दादास कानिफचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. गोजरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजीस्नी म्हनावं सुपारी बंद करा."

मला मात्र तुझं म्हणणं पटलं. इथे मी सकाळी चुलीपाशी बसतो आणि चहा होईतो दुपार होते. गोजर याला आळस म्हणते. खरं कारण मला आज कळलं. तूच बघ, चष्मा आधी कुणाला लागला? मला. दाढा आधी कुणाच्या गेल्या? माझ्या. गुडघे आधी कुणाचे बोलायला लागले? याचा अर्थ काय निघतो तो तूच काढ. मी धाकटा आहे, माझ्या तोंडी बरं दिसत नाही. म्हणजे होतो.

खाली येता येत नाही. झोडणी चालू आहे. शिवाय इतकी वर्षं थंडीपावसात कमावलेलं वय सपाटीला येऊन बुडवायचं, हे काही बरं नव्हे.

पुढच्या भेटीत पाया कुणी कुणाच्या पडायचं ते ठरवून ठेव. माझे पाय धुतलेले असतात.

कानिफ


कोल्हार, २० डिसेंबर १९७१

कानिफनाथ यास,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरलं नसल्यामुळे दोन्ही लिहीत नाही. राग मानू नये.

लढाईमुळे तुझं पत्र उशिरा आलं. रात्री दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. परवा सहादेवानं माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हटलं, कशाचा? तो म्हणाला, "आबा, आपण जिंकलो." मी म्हटलं, बरं झालं, आता टपाल वेळेवर येईल. त्याला काय सांगू? देशाचं निस्तरलं, माझं तसंच आहे.

दाढांचं तू लिहिलंस ते मी आरशात ताडून पाहिलं. माझ्या तीन शिल्लक आहेत. त्यांच्याकडे बघून धीर सुटतो.

मी एक उपाय काढला आहे. आपलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ सहादेवाबरोबर तुझ्याकडे पाठवतो. सकाळच्या बातम्यांआधी आकाशवाणी वेळ देते, ती सगळ्या देशाला एकच. इथे माझं घड्याळ रेडिओला तंतोतंत धरून चालतं. तुझ्याकडे ते पुढे पळालं, तर मी हरलो. ते सरळ टांगायचं. दोरीला दगड बांधून भिंतीचा ओळंबा बघ. सुतकात किल्ली देऊ नये. म्हशीला त्या भिंतीपासून लांब बांध. आणि काटा हातानं पुढे ढकलू नकोस, तुला लहानपणापासून ती सवय आहे.

घड्याळ बांधायला उतरवलं तर भिंतीवर पांढरा डाग राहिला आहे. मी वेळ बघायला तिथेच बघतो.

गोरक्ष


भंडारदरा, ६ फेब्रुवारी १९७२

ती. दादास नमस्कार. मी लिहितो, तू घे किंवा परत पाठव.

घड्याळ सुखरूप आलं. सहादेवानं ते सबंध रस्ता मांडीवर धरलं होतं. राजूरला एसटी बदलताना कंडक्टर म्हणाला, "मांडीवरच्याचं अर्धं तिकीट पडंल पाव्हनं. किती वर्सांचं हाय?" सहादेव तुझाच मुलगा. त्यानं गोधडी उचलून तबकडीकडे पाहिलं आणि सांगितलं, "आता बारा व्हत्यात." कंडक्टरनं खरोखर अर्धं तिकीट फाडलं.

ओळंबा लावला. म्हैस परसात नेली. गोजरनं घड्याळाला हळदकुंकू लावलं, म्हणाली सासरचं कुणीतरी पहिल्यांदाच राहायला आलंय.

आता खरं सांगतो, थट्टा नाही. ते मागे पडतं आहे. पहिल्या आठवड्यात रेडिओचे ठोके संपल्यावर जागं व्हायचं. आता महिना झाला, तर बातम्या सांगणाऱ्या बाईची पहिली बातमी सांगून होते आणि मग याचा टोला पडतो. किल्ली दिली, तेल दिलं, शिव्या दिल्या. पुढे पळायचं नावच नाही.

म्हणजे इथे वर वेळ रेंगाळते आहे आणि मी तुझ्यापेक्षा आणखीच धाकटा झालो आहे. फेटा तुझा. आता जेवत जा.

कानिफ


कोल्हार, १२ फेब्रुवारी १९७२

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. लंकाबाईला वाटलं पाहुणे आले. मी पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की कानिफ माझ्यापेक्षा चांगलाच धाकटा निघाला. कुणी विचारलं, "मग आदी काय हुता?" अशा लोकांना शास्त्र कळत नाही. फेटेवाल्याला निरोप धाडला की डोक्याचं माप घ्यायला ये. तो म्हणाला फेट्याला माप लागत नाही. तरी ये म्हटलं.

(पुढचं चार दिवसांनी लिहितो. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं.)

काल हायस्कुलातला बन्सी मास्तर आला होता. शास्त्र शिकवतो. त्याला पेढा दिला आणि घड्याळाची हकिगत सांगितली. तो पेढा खाऊन म्हणाला, "आबा, तुमचं घड्याळ लंबकाचं. लंबक खाली यायला बघतो, म्हणून तर झुलतो. वर पृथ्वीची ओढ थोडी कमी, म्हणून तो सावकाश झुलतो. घड्याळ मागं पडलं ते लंबकाच्या आळसानं. काळाचं त्यात काय न्हाई."

मी म्हटलं, "मग काळाचं काय?"

"काळाचं कागदात आलंय तेच खरं. वर तो पुढंच धावतो."

"म्हणजे एकाच भिंतीवर घड्याळ मागं पडतं आणि वेळ पुढं पळते?"

"व्हय."

"मग ती बघायची कशात?"

"ते दाखवंल असं घड्याळ आपल्या जिल्ह्यात न्हाई," म्हणाला आणि दुसरा पेढा उचलला.

मग मी धीर करून विचारलं की कानिफ नक्की किती पुढे गेला असेल. त्यानं पाटीवर बरीच शून्यं काढली. म्हणाला, "जन्मभराचं धरलं तरी पापनी लवायच्या आतलं. लई आतलं."

तो गेल्यावर मी अंगणात बसून पापणी लववून पाहिली. मग लंकाबाईला हात धुवायला लावलं. ती म्हणाली, "आबा, माज्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं, धू. तिनं धुतले, पदराला पुसले, तोवर माझ्या पापण्या दुखायला लागल्या. आणि राहीबाई तर सुईण, कोपरापर्यंत धुवायची. एवढं अंतर पापणीच्या आतल्या वेळानं तुटत नाही. मीच थोरला आहे. वरचा आशीर्वाद तसाच ठेवला आहे.

गोरक्ष


भंडारदरा, १ मार्च १९७२

ती. दादास नमस्कार.

तुझं समाधान झालं हे वाचून बरं वाटलं. ते मी मोडणार नव्हतो. पण काल इथली एक म्हातारी सुईण ताक न्यायला आली होती. तिला आपली गोष्ट सांगितली तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "जुळ्यात मागून येतंय त्येच थोरलं. पेवात बघा की. आदी वतलेलं दानं तळाला जातंय आन् शेवटाला निगतंय."

आता मी काय बोलणार? पेव तर आपण दोघांनी पाहिलं आहे. जमिनीतला खड्डा, तोंड एकच, वरून ओतायचं आणि वरूनच काढायचं. आधी गेलेलं मागून निघतं. त्या हिशेबानं मी तुझ्या आधीचा आहे, आणि पापणी वगैरे वरकड.

तू मनाला लावून घेऊ नकोस. फेटा तू बांध. मी कुणाला कळू देणार नाही.

इकडे थंडी अजून हटत नाही. खोकला धरला आहे.

कानिफ


कोल्हार, ९ मार्च १९७२

कानिफनाथ यास. (पुन्हा दोन्ही नाही.)

तुझ्या त्या म्हातारीला ताक देऊ नकोस.

आमच्याकडे हल्ली पेव नाही, कणगी आहे. मी प्रत्यक्ष करून पाहिलं. आधी बाजरी ओतली, वर ज्वारी. कणगीला खाली भोक असतं. त्याचा बोळा काढला तर आधी बाजरीच आली. म्हणजे आधी गेलेलं आधी निघतं आणि मी थोरला. लंकाबाई आता दोन दिवस बाजरीतून ज्वारी निवडत बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

तरी झोप नाही. आपली आई कणगी होती की पेव, हे आता सांगणार कोण?

खोकल्याला सुंठ घे. फेटेवाल्यानं डोक्याचं माप घेतलं.

गोरक्ष


भंडारदरा, ११ एप्रिल १९७२

ती. थोरल्या भावजीस्नी गोजरबाईचा नमस्कार. साळंतल्या बनुबाई मास्तरीनबाई लिहून देत्यात.

तुमची दोन कार्डं आली, त्यांस्नी जबाब गेला न्हाई, कारन ह्यांनी अंथरून धरलंय. खोकल्याचा ताप झाला, ताप छातीत गेला. दवाखान्याचा मानूस येऊन गेला. त्यो म्हनतो खाली मोठ्या डाक्तरला दाखवा. पोरगा कामाला मुंबईला, सुनंचे दिवस भरत आलेले, मी कुनाला घेऊन कुटं जाऊ?

तापात सारकं म्हनत्यात, दादाला कळवा मी धाकटा हाय म्हनून. मी म्हनलं कळविते. तर कळविलं.

तुमचं घड्याळ बंद पडलं. किल्ली द्यायचं कुनाला सुचलं न्हाई.

गोजरबाई


कोल्हार, २६ एप्रिल १९७२

सौ. गोजरबाईस गोरक्षचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळताच मी आणि सहादेव आलो आणि कानिफला घेऊन घाईनं निघालो, तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. एसटीत मागच्या लांब बाकावर त्याला आडवा घातला आणि सहादेव खाली बसून त्याला धरून होता. श्रीरामपूरच्या डॉक्टरनं सुया दिल्या. ताप उतरला आहे. काल पेज घेतली आणि मीठ कमी म्हणून लंकाबाईला बोलला. लंकाबाई म्हणाली, "आता ह्ये वाचत्यात."

डॉक्टर म्हणतो सुयांनी उतरला. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण सुया अजून बाकी आहेत. पण ताप उतरला तो संगमनेर सोडून गाडी सपाटीला लागली तेव्हाच. मी त्याच्या कपाळावर हात ठेवून होतो, मला कळलं.

तुला माझी काळजी सांगतो, कारण त्याला सांगितली तर तो हसतो. आजवर मी फेट्याचीच चिंता केली. त्याच्या उशाशी बसलो तेव्हा लक्षात आलं की आप्पासाहेब फेट्याला पहिले आणि जायलाही पहिले. रांग एकच आहे. कानिफ तुमच्या उंचीवर राहून माझ्या पुढे सरकला म्हणून ही पाळी आली. बन्सी मास्तर म्हणतो पापणीच्या आतलं. पण माणूस जातो तो पापणीच्या आतच जातो, हे मास्तरला कोण सांगणार? तो माझ्या आधी गेला तर मला पाठीमागे राहावं लागेल, आणि ते मला येत नाही. जन्मल्यापासून मी एकटा किती होतो, तर राहीबाई हात धुऊन येईपर्यंत.

म्हणून त्याला घरात सगळ्यांत खालच्या जागी ठेवला आहे. आमच्याकडे गुरांची जागा ओट्यापेक्षा हातभर खाली आहे. ती शेणानं स्वच्छ सारवून तिथे त्याची बाज टाकली, आणि बाजेचे पाय अर्धे कापले. बैल ओट्यावर आणून बांधले आहेत. बैलांचं वय वाढलं तरी चालेल, एक तर यंदा विकायचाच आहे.

सुनेची खबर कळव.

गोरक्ष


कोल्हार, ५ जून १९७२

सौ. गोजरबाईस आशीर्वाद.

नातू झाल्याची तुझी तार वाचून दाखवली तेव्हा कानिफ उठून बसला आणि चप्पल मागू लागला. तुला लग्नाला येता आलं नाही ते सर्वांना समजलं आहे.

लग्न चांगलं झालं. बैल ओट्यावर होते म्हणून वऱ्हाड अंगणात बसलं. व्याही म्हणाले, "आमच्याकडं गुरं खाली बांधत्यात." मी म्हटलं, तुमच्याकडे कुणी आजारी नसेल.

फेटेवाल्यानं विचारलं, वडील कोण? सगळी भाऊकी माझ्याकडे बघायला लागली. मी कानिफकडे पाहिलं. तो बाजेवरून म्हणाला, "बांद की लवकर, दादा. नवरदेव उन्हात वाळाय लागलाय." मी बसलो. अर्धा फेटा झाला तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "कान धरून बांदा रं, डोकं आप्पासायबापेक्षा बारीक हाय." मांडव हसला. इतकी वर्षं मी त्या फेट्याचा विचार केला होता. बांधून झाल्यावर डोक्याला नुसता घाम आला. मनकर्णा पाया पडली तेव्हा मी तिला कानिफकडे आधी पाठवलं, मग माझ्याकडे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मुख्य. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी धाब्यावर, घराच्या सपाट माथ्यावर झोपतो. दिवसाही तिथेच बसतो. कानिफ खाली आहे तोवर माझी वेळ थोडी पुढे धावेल आणि मी रांगेत त्याच्या पुढे राहीन. थोरलेपण मला आता एवढ्यासाठीच हवं आहे. भाकरी लंकाबाई दोरीला टोपली बांधून वर पाठवते. खाली उतरलो की कमावलेलं जाईल असं वाटतं. सहादेव म्हणतो, "आबा, गाव बघतंय." धाब्यावरून मलाही गाव दिसतं, त्याचं काय?

दोन अडचणी आहेत. एक, आभाळ भरून यायला लागलं आहे आणि आमच्या धाब्याला वर छप्पर नाही. दुसरी, कानिफ ऐकत नाही. नातवाचं तोंड बघायचं म्हणून बोचकं बांधून बसला आहे. काल शिडीच्या तळाशी येऊन म्हणाला, "दादा, मी धाकटा. आई पेव न्हवती, कणगी हुती. मास्तर खरा, तू खरा. आता मला घरी जाऊ दे." मी म्हटलं, तू वर गेलास की पुन्हा पुढे पळशील. तो म्हणाला, "मग माज्यावर चढून बस." आणि रागानं आत गेला.

तो रागात बोलला, पण रात्रभर विचार करून मला त्यात तथ्य दिसलं. तो जिथे राहील तिथे मी त्याच्या डोक्यावर असलो म्हणजे झालं, मग ते कोल्हार असो की भंडारदरा. मनकर्णा गेल्यापासून इथे माझं तसं काही काम नाही. सहादेवाची हरकत नाही. त्यानं फार लवकर हरकत नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा विचारतो, संकोच न करता लिही. तुमच्या घराला माळा आहे का? वर माणूस आडवा होईल एवढी जागा आहे का? खाली तुम्ही दोघं, वर मी. मी घोरत नाही.

गोरक्ष


भंडारदरा, १० जून १९७२

ती. थोरल्या भावजीस्नी नमस्कार.

माळा हाय. गवऱ्या भरल्यात, त्या आजच काडते. ह्यांस्नी घेऊन या. शिडीची एक पायरी मोडकी हाय, ती तेवडी बघून चढा.

गोजरबाई